मार्चचा थर

१

गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता नेनिता पाल्मारेसनं ड्रॉवर उघडला, तेव्हा निळी कापडी थैली जागेवर नव्हती. थैलीत तिचा पासपोर्ट होता. शनिवारी सकाळी रॅलेच्या विमानतळावरून तिचं विमान सुटणार होतं.

नेनिता एकोणपन्नास वर्षांची, फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराची. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत ती अकरा वर्षं डॉ. उल्हास सबनीस यांच्या घरी राहून त्यांच्या पत्नीची, सुहासिनीबाईंची, देखभाल करत होती. अकरा वर्षांत ती एकदाही मायदेशी गेली नव्हती. ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलेला असताना देशाबाहेर पाऊल टाकणं धोक्याचं होतं. कार्ड ऑगस्टमध्ये आलं. सप्टेंबरच्या शेवटी भावाचा फोन आला. आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, डॉक्टरांनी दोन आठवडे दिले होते.

तो फोन येऊन पाच दिवस झाले होते.

दहा वाजता शेजारच्या देवयानी मोडक नेहमीप्रमाणे सुहासिनीबाईंना वाचून दाखवायला आल्या, तेव्हा घरातले सगळे ड्रॉवर बाहेर काढलेले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे डॉक्टर गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली टॉर्च मारत होते. नेनिता मात्र शांतपणे सुहासिनीबाईंना ओटमील भरवत होती. 

"सुहासनंच कुठंतरी ठेवला असणार," डॉक्टर उठत म्हणाले. पत्नीला ते सुहास म्हणत. "तिला काही लक्षात राहत नाही. गेल्या आठवड्यात माझा चष्मा तांदळाच्या डब्यात निघाला होता."

"डबा पाहिलात?" देवयानीबाईंनी विचारलं.

"दोनदा."

"नवा पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात?"

"दोन महिने तरी लागतील," डॉक्टर लगेच म्हणाले. "बिचारी."

नेनितानं चमचा खाली ठेवला. ती या घरात इंग्रजी बोले, पण मराठी तिला बरीच समजे. "डॉक," ती म्हणाली, "माझ्या आईकडे दोन महिने नाहीत."

२

देवयानीबाई अडुसष्ट वर्षांच्या. पुण्याच्या एका संस्थेत तीस वर्षं त्यांनी उत्खननं केली होती. निवृत्तीनंतर सहा महिन्यांसाठी त्या मुलीकडे, सलोनीकडे, आल्या होत्या. गाडी चालवता येत नसल्यामुळे कॅरीत त्यांचं जग दोन गल्ल्यांपुरतं होतं. त्या दोन गल्ल्या त्यांनी बारकाईनं पाहिल्या होत्या.

त्यांनी नेनिताला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं.

"शेवटचा कधी हातात होता?"

नेनितानं फोन पुढे केला. मंगळवार, रात्री आठ वाजून चार मिनिटं. पासपोर्टच्या पानाचा फोटो. "तिकिटाच्या कामासाठी ट्रॅव्हल एजंटला पाठवला. मग थैलीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. बुधवारी ड्रॉवर उघडलाच नाही."

"मंगळवारी रात्री घरात कोण होतं?"

"डॉक आणि मॅम. अनय आणि मोना जेवायला आले होते, नऊनंतर गेले."

अनय हा डॉक्टरांचा मुलगा, मोना सून. दोघं वीस मिनिटांवर राहत. मंगळवारच्या जेवणात वाद झाला होता. देवयानीबाईंनी खोदून विचारलं तेव्हा नेनिता हळूहळू बोलली. नेनिता नसताना सांभाळायला म्हणून सोमवारी एजन्सीची दुसरी बाई एक दिवस येऊन गेली होती. सुहासिनीबाईंनी तिच्या हातून एक घास घेतला नाही. डॉक्टरांच्या हातूनही घेतला नाही. मंगळवारी जेवताना मोना म्हणाली होती, पोस्टपोन नाही का करता येणार? अनयनं तिकीट बदलायचा खर्च देऊ केला होता.

"आणि डॉक्टर?"

"डॉक काही बोलले नाहीत. मी विचारलं, डॉक, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, 'काही नाही'." हे दोन शब्द तिनं मराठीत उच्चारले. डॉक्टर ते दिवसातून दहादा म्हणत.

हॉलमधून सुहासिनीबाईंची हाक आली. "आत्या! अगं आत्या!"

नेनिता उठली. तिच्या ओळखीचे फिलिपिनो लोक तिला 'आते' म्हणत, म्हणजे ताई. सुहासिनीबाईंनी ते ऐकून तिला आपल्या बालपणीची आत्या करून टाकलं होतं.

देवयानीबाई टेबलाशी एकट्या राहिल्या. समोर ट्रेमध्ये या आठवड्याच्या औषधांच्या उरलेल्या कागदी पुड्या होत्या. दर रविवारी डॉक्टर त्या स्वतः बांधत, सकाळच्या सात, रात्रीच्या सात. प्रत्येक पुडीवर पारदर्शक टेपचा तुकडा, आणि प्रत्येक तुकड्याचं एक टोक आत दुमडून केलेला छोटासा कान.

देवयानीबाईंनी एक पुडी उचलून पाहिली आणि परत ठेवली. डॉक्टर दारात आले होते.

"सुहासिनी स्वतः उघडते या?"

"आता नाही," डॉक्टर दारातून म्हणाले. "पक्षाघातानंतर उजवा हात गेला ना. नखानं टेपचं टोक सापडायचं नाही तिला, चिडायची. म्हणून दुमडून ठेवायला लागलो. आता ती उघडत नाही, पण माझी सवय राहिली."

देवयानीबाईंनी पुढचा प्रश्न वेगळाच विचारला. "मंगळवारी रात्री आठनंतर या घरातून काय काय बाहेर गेलं, डॉक्टर?"

"म्हणजे?"

"घरात नसेल तर बाहेर गेला असेल. कचरा?"

"कचऱ्याची गाडी सोमवारी येते."

"मग?"

उत्तर हॉलमधून नेनितानं दिलं.

"माझा बॉक्स," ती म्हणाली. "बुधवारी सकाळी दहा वाजता."

३

परदेशात राबणारे फिलिपिनो लोक वर्षभर एक मोठा खोका भरत असतात. बालिकबायान बॉक्स म्हणतात त्याला. बोटीनं जातो. भाडं वजनावर नसतं, आकारावर असतं, त्यामुळे त्यात बोटभरही जागा रिकामी सोडायची नाही असा रिवाज आहे. बुटांत मोजे, मोज्यांत साबण, मगात टॉफ्या. नाताळच्या आधी पोचायला हवा तर सप्टेंबर संपता संपता रवाना करावा लागतो.

नेनिताचा खोका मार्चपासून गॅरेजमध्ये होता. रविवारी तिनं तो तपकिरी टेपनं बंद केला आणि वरच्या प्रत्येक सांध्यावर मार्करनं आडवी सही केली. कोणी उघडला तर सही तुटते.

"मी त्यात पासपोर्ट ठेवलेला नाही," ती म्हणाली. "रविवारी बॉक्स बंद झाला. मंगळवारी पासपोर्ट माझ्या हातात होता."

"माहीत आहे. खोका नेणाऱ्याचा नंबर दे."

बोयेट नावाचा माणूस. त्याच्याशी नेनिताच त्यांच्या भाषेत बोलली आणि अर्थ सांगत गेली. खोका रॅलेच्या गोदामात आहे. कंटेनर उद्या, शुक्रवारी, चार वाजता बंद होतो. त्यानंतर साठ दिवस समुद्र.

"नेताना सह्या नीट होत्या?" देवयानीबाईंनी विचारायला लावलं.

होत्या. बोयेटनं स्वतः पाहिल्या होत्या. पण त्याची एक तक्रार होती. "तो म्हणतो, आते, बॉक्स आडवा का ठेवलास? दहादा सांगितलंय, कायम उभा. आडवा ठेवला की तळ फुगतो."

"तू आडवा ठेवलास?"

"मी? पस्तीस किलोचा बॉक्स?"

"अजून काही म्हणाला?"

नेनितानं विचारलं, ऐकलं. "म्हणतो, तुमचे डॉक फार काळजीवाले आहेत. किती दिवस लागतात, वाटेत काही हरवतं का, सगळं विचारत होते. मी सांगितलं, एकोणीस वर्षांत एक बॉक्स हरवला नाही."

संध्याकाळी ऑफिसमधून अनय आला. औषधकंपनीत त्याचं नव्या औषधाच्या सरकारी परवानगीसाठी कसलंसं मोठं सबमिशन होतं, डोळे लाल होते.

"मावशी, ऑनेस्टली, टायमिंग वर्स्ट आहे. पण मी कशाला पासपोर्ट घेऊ? मला घ्यायचाच असता तर तिकीट बदलायला पैसे कशाला ऑफर केले असते?"

"मंगळवारी तू गॅरेजमध्ये गेला होतास?"

"हो. बॉक्स आडवा केला."

"का?"

"बाबा म्हणाले. सकाळी त्या माणसाला हँडट्रकवर घ्यायला सोपं पडेल म्हणून. माझी पाठ गेली त्यात." तो थांबला. "का? व्हाय डज इट मॅटर?"

देवयानीबाईंनी वहीत काही लिहिलं नाही. वही त्यांनी आणलीच नव्हती.

रात्रीच्या जेवणाआधी त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "उद्या गोदामात जाऊन खोका उघडू या."

"कशाला? सह्या जशाच्या तशा आहेत ना? मग आत काय जाणार?" डॉक्टर म्हणाले. "तिनं सात महिने भरलाय तो. उगीच उसवायचा."

"डॉक," नेनिता म्हणाली, "उसवू दे."

४

शुक्रवारी दुपारी मोनानं दोघींना गोदामात नेलं. गाडीत तिनं स्वतःच विषय काढला.

"मावशी, मला माहितीये तुम्ही माझ्यावरही डाउट घेताय. घ्या. मी डिझर्व्ह करते. मंगळवारी मी जे बोलले ते सेल्फिश होतं. पण आईंना कोणी बघायचं? मला बारा आठवडे अनपेड लीव्ह घ्यावी लागेल." तिनं आरशातून मागे पाहिलं. "सॉरी, नेनिता."

"मी पण तेच बोलले असते," नेनिता म्हणाली. "पण माझी आई आहे."

गोदाम म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. शेकडो खोके, प्रत्येकावर चारी बाजूंनी जाड अक्षरांत नावं. बोयेट बुटका, पन्नाशीचा, बेसबॉल टोपीवाला. "आते, बॉक्स बघायला आलीस? लग्नाआधी नवरी बघू नये म्हणतात!" तो ओरडला. मग तिचा चेहरा पाहून त्यानं टोपी काढली.

खोका उभा होता. सह्या अखंड होत्या. देवयानीबाईंनी चष्मा वर सरकवून एकेक सांधा तपासला. वरून कोणी उघडला नव्हता, यात शंका नव्हती.

नेनितानं सुरी चालवली.

"एकेक वस्तू काढ," देवयानीबाई म्हणाल्या, "आणि ती कधीची आहे ते सांग."

"कधीची?"

"कधी घेतलीस. आठवत असेल तर."

नेनिताला सगळं आठवत होतं. कॉफीच्या बरण्या आणि लोशन सप्टेंबरचे. त्याखाली वह्या, खडू, भाच्यांचे बूट ऑगस्टचे, शाळा सुरू होतानाच्या सेलमधले. साबण, टूथपेस्ट, मांसाचे डबे जूनचे. ईस्टर संपल्यावर अर्ध्या किमतीत घेतलेली चॉकलेटं एप्रिलची. बोयेटनं एक ताडपत्री अंथरली, तिच्यावर सात महिने ओळीनं मांडले गेले.

सगळ्यात खाली टॉवेल आणि चादरी होत्या.

"मार्च," नेनिता म्हणाली. "त्या महिन्यातला पहिला पगार झाल्यावर. आईसाठी."

तिनं शेवटचा टॉवेल उचलला. खोक्याच्या तळाशी निळी कापडी थैली पडली होती.

५

सगळ्यात आधी मोना बोलली. "ओ गॉड. नेनिता! तूच पॅक केलास! सगळ्यात खाली, आणि आम्ही घरभर..." ती हसत होती आणि रडतही होती. तिनं लगेच घरी फोन लावून स्पीकरवर टाकला. "बाबा, मिळाला! तिच्याच बॉक्समध्ये होता!"

पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. "मिळाला? अरे वा. विसरली असेल बिचारी. इतकी धावपळ, होतं असं." आणि थोडं थांबून, "सुहासची औषधं देताना आता जरा लक्ष ठेवायला हवं हिच्यावर. विसरायला लागली म्हणजे..."

नेनिता थैली दोन्ही हातांत धरून उभी होती. तिनं मान वर केली नाही.

फोन बंद झाल्यावर देवयानीबाई म्हणाल्या, "मोना, खालचे टॉवेल कधीचे म्हणाली ही?"

"मार्चचे."

"आणि पासपोर्ट मंगळवारी रात्री आठ वाजता हिच्या हातात होता. फोटो आहे." त्या ताडपत्रीकडे पाहत होत्या. "उत्खननात वरचा थर नवा असतो, खालचा जुना. खालच्या थरात नवी वस्तू सापडली, तर दोनच शक्यता. एक, वरचं सगळं कोणीतरी काढून पुन्हा रचलं. ते शक्य नाही, सह्या शाबूत आहेत."

"आणि दुसरी?"

"आमच्याकडे अशा वेळी उंदराचं बीळ शोधतात. वस्तू वरून येत नाही, बाजूनं किंवा खालून येते. बोयेट, हा रिकामा खोका उलटा कर."

बोयेटनं खोका पालथा घातला.

तळाच्या सांध्यावर मार्चमधली तपकिरी टेप होती. ती मधोमध वीतभर कापलेली होती, सरळ रेघेत. त्या कापावर पारदर्शक टेपची पट्टी चिकटवलेली होती. पट्टीचं एक टोक आत दुमडलेलं होतं, छोट्या कानासारखं.

देवयानीबाई बोलण्यासाठी नेनिताकडे वळल्या आणि थांबल्या. नेनिता आधीच त्या टोकाकडे पाहत होती. किती वेळ पाहत होती, कोण जाणे.

"हे कोणी केलं?" मोना म्हणाली. "हू वुड डू धिस?"

नेनिता खाली वाकली. तिनं त्या कानाला चिमटीत धरलं आणि पट्टी एका ओढीत उपटून काढली. घडी करून जाकिटाच्या खिशात टाकली. मग बोयेटच्या हातातून तपकिरी टेपचं रीळ घेतलं.

"परत भरू या," ती म्हणाली. "तीन वाजून गेलेत. याचा कंटेनर बंद होईल."

६

संध्याकाळी सहा वाजता देवयानीबाईंनी डॉक्टरांना मागच्या अंगणात गाठलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आतून नेनिताचा आणि सुहासिनीबाईंचा आवाज येत होता.

"उद्या तिला सोडायला पहाटे कोण जातंय?"

"अनय जाईल."

"बरं. डॉक्टर, नवा पासपोर्ट दोन महिन्यांत मिळतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"म्हणजे? असंच. अंदाज."

"मी काल वॉशिंग्टनला फिलिपिन्सच्या दूतावासात सलोनीला फोन करायला लावला. घाईच्या प्रवासासाठीच्या कागदाला पुढच्या शुक्रवारची वेळ मिळत होती. दोन महिने पासपोर्टचे नव्हतेच. ते बोटीचे होते."

डॉक्टर कुंपणाकडे वळले.

"अनयला खोका आडवा करायला तुम्ही सांगितलंत. उभा असता तर तळाला हात लागला नसता, आणि तुमच्या पाठीला तो झेपला नसता. बोयेटला विचारलंत, वाटेत काही हरवतं का. सुहासिनीवर संशय तुम्हीच आणलात. पण तिला गॅरेजच्या पायऱ्या उतरता येत नाहीत, टेप कापून परत लावणं तर लांबच. अनय आणि मोना नऊनंतर गेले, मग उरलात तुम्ही. खरं तर यातलं काहीच लागलं नसतं, डॉक्टर. तुम्ही टेपचं टोक दुमडलंत."

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. कोणत्या प्रश्नाचं ते उत्तर होतं हे त्यांनाही कळलं नसावं. मग, "मी ते दुमडलं?"

"हो."

"मला आठवतही नाही." त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "हात आपोआप करतो."

ते बाकावर बसले.

"देवयानीबाई, मी तो पासपोर्ट फाडू शकलो असतो. जाळू शकलो असतो. मी तो तिच्याच घरी पाठवला. तिच्या पत्त्यावर. साठ दिवसांत सुखरूप पोचला असता. चोरी म्हणता येईल याला?"

"आणि तिची आई पोचली असती का साठ दिवसांपर्यंत?"



"फेब्रुवारीत सुहास मला विसरली," डॉक्टर म्हणाले. "पन्नास वर्षं संसार केला. मला 'अहो पाहुणे' म्हणते. नेनिताला विसरली नाही. सोमवारी ती दुसरी बाई आली, सुहासनं दिवसभर तोंड उघडलं नाही. मी घास धरला, तर थुंकली. मी चाळीस वर्षं लोकांची हृदयं चालू ठेवली, आणि मला घरात एक घास भरवता येत नाही. हिचं ग्रीन कार्ड मी करून दिलं. दहा वर्षं वकिलाकडे खेटे घातले. कार्ड आलं त्या दिवशी मला कळलं, आता हिला परत यायची काही गरज नाही. कुठल्याही हॉस्पिटलात जास्त मिळेल."

"तिला विचारलंत, परत येशील का?"

"नाही."

"का?"

"ती नाही म्हणाली असती तर?"

मागे दार सरकलं. नेनिता उभी होती. ऐकायला ती आली नव्हती. सुहासिनीबाईंचं जेवण झालं होतं, आणि नेहमीप्रमाणे ताट धुण्याआधी ती डॉक्टरांना काय खाल्लं ते सांगायला आली होती.

"अर्धी पोळी, डॉक," ती म्हणाली. "आणि दही."

डॉक्टर उठू लागले. "नेनिता, मी..."

तिनं खिशातून घडी केलेली पट्टी काढून बाकावर ठेवली. मग फोन काढला आणि मंगळवारचा मेसेज उघडून त्यांच्यापुढे धरला. पासपोर्टचा फोटो, आठ वाजून चार मिनिटं. त्याखाली एजंटचं उत्तर होतं. डॉक्टरांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, म्हणून देवयानीबाईंनी वाचलं.

परतीचं तिकीट पक्कं. नऊ नोव्हेंबर. मनिला ते रॅले.

"फोटो त्यासाठी मागितला होता," नेनिता म्हणाली. "बुधवारी प्रिंट करून फ्रिजवर लावणार होते. तुम्हाला दिवस मोजता यावेत म्हणून. मग बॉक्सची गडबड झाली, राहिलं." तिनं फोन परत घेतला. "माझ्यावर लक्ष ठेवायला हवं, असं म्हणालात फोनवर. मी विसरते म्हणून. अकरा वर्षांत मॅमची एक गोळी चुकली का, डॉक?"

"नाही."

"नाही," ती म्हणाली, आणि ताट धुवायला आत गेली.

७

शनिवारी पहाटे अनयनं तिला विमानतळावर सोडलं. डॉक्टर दारापर्यंत आले होते. त्यांनी काय म्हटलं हे अनयनं ऐकलं नाही. तिनं गाडीचं दार लावून घेतलं, एवढं त्यानं पाहिलं.

सोमवारी सकाळी ती इलोइलोला पोचली. आईनं तिला ओळखलं. आई गुरुवारी गेली. दूतावासाची वेळ त्यानंतरच्या दिवसाची होती.

ऑक्टोबरभर मोनानं रजा घेतली. सुहासिनीबाईंचं वजन चार किलोंनी उतरलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मोनाच्या हातून दही खाल्लं, दहीच फक्त. डॉक्टर रविवारी पुड्या बांधत राहिले. आता ते टेप लावत नसत, कागदाच्या घड्या घालत. फ्रिजवर त्यांनी स्वतः एक कॅलेंडर लावलं होतं. त्यावर नऊ नोव्हेंबरभोवती काही खूण केलेली नव्हती. तिला फोन करायचा धीर त्यांना झाला नाही. देवयानीबाईंनाही त्यांनी काही विचारलं नाही.

नऊ नोव्हेंबरला संध्याकाळी अनयची गाडी ड्राइव्हवेत शिरली. देवयानीबाई सुहासिनीबाईंजवळ बसल्या होत्या. त्यांचं स्वतःचं पुण्याचं विमान त्या आठवड्यातच होतं.

गाडीतून अनय उतरला, मग नेनिता. एक बॅग. डॉक्टर पुढे झाले, त्यांनी बॅगेसाठी हात केला. तिनं बॅग त्यांच्या हातात दिली, मान किंचित लववली आणि सरळ आत गेली.

"तीन महिने," नंतर स्वयंपाकघरात ती देवयानीबाईंना म्हणाली. "दुसरी बाई शोधायला सांगितलंय अनयला. तिला मी शिकवीन. मॅम तिच्या हातून जेवायला लागल्या की मी जाईन. मी येणार म्हणून सांगितलं होतं, म्हणून आले."

"कुणाला सांगितलं होतंस? त्यांनी तर विचारलंच नव्हतं."

"मॅमला," नेनिता म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं. रोज विचारायच्या."

तिनं भाताची वाटी घेतली आणि हॉलमध्ये जाऊन पहिला घास पुढे केला. सुहासिनीबाईंनी तोंड उघडलं. डॉक्टर दारात उभे होते.

दुसऱ्या घासाला सुहासिनीबाईंचा डावा हात वर आला आणि नेनिताच्या मानेशी अडकला. स्वेटरच्या आतून एक दोरी बाहेर आली होती. दोरीच्या टोकाला निळी कापडी थैली होती.

"हे काय गं, आत्या? गळ्यात काय घातलंस?"

नेनितानं थैली पुन्हा स्वेटरच्या आत सरकवली.

"काही नाही," ती मराठीत म्हणाली, आणि पुढचा घास उचलला.